पाय टेकले पाहिजेत

सुधाकर टेंभेकर आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आमची खुर्ची उलटी केली. बसायला म्हणून मी पुढे सरकवलेली खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, जेवणाच्या टेबलावर पालथी घातली, चारही पाय एकेक करून हलवून पाहिले, आणि शर्टाच्या खिशातून लाल खडूचा तुकडा काढून तिच्या पोटावर एक मोठी फुली मारली. मग म्हणाले, "मी खालीच बसतो. जमीन बरी. डगमगत नाही." आणि फरशीवर मांडी घालून बसले. माझी बायको माधुरी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तर तिला आधी पाहुणाच दिसेना.

आम्ही तेव्हा त्या वसाहतीत नुकते राहायला आलो होतो आणि ते पलीकडच्या घरातून ओळख करून घ्यायला आले होते. ओळख कसली, तासाभरात त्यांनी माझ्या तोंडाकडे दोनदाही पाहिलं नसेल. त्यांची नजर माझ्या गुडघ्यांवर. निघताना दारात थांबून म्हणाले, "सव्वासोळा."

"काय सव्वासोळा?"

"तुम्ही. टाचेपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत. आणि ही खुर्ची आहे अठरा. मतलब, काळेसाहेब, तुम्ही रोज पावणेदोन इंच हवेत जेवता."

माझ्या वयाच्या पन्नाशीपर्यंत मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना वेडा समजून दार लावून घेतलं. पण त्या रात्री जेवायला बसलो तेव्हा माझं लक्ष सारखं टाचांकडे जात होतं, आणि त्या खरंच टेकत नव्हत्या.

टेंभेकर मूळचे यवतमाळचे. इंजिनिअर होऊन भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात लागले आणि पंचवीस वर्षं त्यांनी तिथे माल तपासण्याचं काम केलं. अवजड यंत्रांचे भाग तयार होऊन त्यांच्यापुढे यायचे. जो भाग पसंत पडायचा नाही त्याच्यावर टेंभेकर लाल खडूने फुली मारायचे आणि तो आल्या वाटेने परत जायचा. अख्खं खातं त्या खडूला टरकून असे. नोकरी सुटली, पण खडू काही सुटला नाही. आमच्या वसाहतीच्या बागेतल्या तिन्ही बाकांवर फुल्या आहेत. गोविंदपुऱ्यात ज्या वर्कशॉपमध्ये ते करवतींना धार लावून घेतात, तिथल्या मालकाच्या स्टुलावरही आहे. माझ्या भाच्याच्या लग्नात तर ते आहेर द्यायला म्हणून स्टेजवर चढले आणि खाली वाकले. लोकांना वाटलं, पाया पडतायत की काय, एवढा वडील माणूस! टेंभेकर नवरीच्या त्या सोनेरी सिंहासनाखाली डोकावत होते. खाली उतरल्यावर मला बाजूला घेऊन गंभीरपणे म्हणाले, "मुलीचे पाय लटकतायत हो. पाय टेकले पाहिजेत."

हे त्यांचं पालुपद. कोणाच्या मुलाला मोठी नोकरी लागल्याचं सांगा, कोणाच्या मुलीचं स्थळ आल्याचं सांगा, सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणणार, "चांगलं आहे. पाय टेकले पाहिजेत." ऐकणाऱ्याला वाटतं, माणूस मोठा विचारी आहे. मला आता ठाऊक आहे की त्यांच्या डोक्यात फक्त एक खुर्ची असते आणि ती दीड इंच उंच असते.

त्यांनी नोकरी का सोडली, याची कारखान्यात बरीच कारणं सांगितली जातात. कोणी म्हणतं वरिष्ठांशी भांडले, कोणी म्हणतं डोक्यावर परिणाम झाला. खरं कारण मला त्यांनीच सांगितलं. टेंभेकरांची उंची पाच फूट दोन इंच. त्यांचं स्वतःचं माप पावणेपंधरा. बढती मिळाली तेव्हा पदाबरोबर नवी खुर्ची आली, उंच पाठीची, गरगर फिरणारी. पहिल्याच आठवड्यात चार तासांची मीटिंग झाली. चार तास टेंभेकरांचे पाय हवेत. साहेब बोलत होते, पंखा फिरत होता, आणि हे टेबलाखाली आपल्या बुटांकडे बघत होते. "मी विचार केला," ते मला म्हणाले, "पंचवीस वर्षं मी लोखंडाच्या केसभर फरकावर फुल्या मारतोय. आणि मी स्वतः चार बोटं वर लटकतोय. हे काय इन्स्पेक्शन झालं?" त्यांनी व्हीआरएसचा अर्ज दिला तो सोमवार होता.

तोवर दोनेक वर्षं रविवारचे ते जुन्या शहरातल्या एका उस्तादांकडे लपूनछपून सुतारकाम शिकत होतेच. उस्ताद म्हातारे आणि अतिशय सभ्य. त्यांचं टेंभेकरांबद्दल एकच गाऱ्हाणं होतं. "साहब, आप लकड़ी को डाँटते बहुत हैं." नोकरी सुटल्यावर टेंभेकरांनी घराच्या मागे पत्र्याची शेड घातली. टी. टी. नगरातले जुने सरकारी क्वार्टर पाडले गेले तेव्हा तिथल्या दारं-चौकटींचं सागवान भंगारवाल्यांकडून गोळा करून आणलं आणि खुर्च्या करायला बसले. खिळा नाही, यंत्र नाही. एका लाकडाला कूस काढायची, दुसऱ्याला खाच, आणि दोन्ही हातांनी एकमेकांत बसवायचं. बसलं नाही तर पुन्हा रंधा. वर्षाला आठ-दहा खुर्च्या होतात. त्यातल्या दोन-तीनांवर स्वतःच फुली मारतात.

त्यांच्याकडे खुर्ची घेणं मात्र सोपं नाही. आधी तीन प्रश्न. हे प्रश्न ते उभे राहून, वही हातात धरून, गिऱ्हाइकाला "आपण" म्हणून विचारतात, मग समोर त्यांचा लंगोटीयार का असेना. "आपण कुठे बसणार? किती वेळ बसणार? बसून काय करणार?" मी माझ्या खुर्चीसाठी गेलो तेव्हा तिसऱ्या प्रश्नाला ऐटीत सांगितलं, "पेपर वाचणार." टेंभेकरांनी वहीतून वर पाहिलं. "खोटं. आपण झोपणार." आणि पाठीला तसा उतार देऊन खुर्ची बनवली. प्रत्येक खुर्चीच्या पोटावर ते पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव, माप आणि तिन्ही उत्तरं लिहितात, वर पॉलिशचा हात देतात, म्हणजे अक्षरं कायमची. माझ्या खुर्चीखाली लिहिलंय, "काळे. सव्वासोळा. खिडकीपाशी. दोन तास. झोपतात." आलागेला प्रत्येक पाहुणा माधुरीकडून हे वाचून जातो.

अरेरा कॉलनीतल्या एका बिल्डरची गोष्ट तर साऱ्या वसाहतीला तोंडपाठ आहे. त्याला जेवणाच्या टेबलासाठी सहा खुर्च्या हव्या होत्या, सगळ्या एकसारख्या. टेंभेकर म्हणाले, सहा माणसं एकसारखी आणा. बिल्डर हसला आणि म्हणाला, बरं, पाठवतो माणसं. घरच्यांना कुठे वेळ? त्याने आपला ड्रायव्हर, माळी, चौकीदार, ऑफिसातला शिपाई आणि दोन मुनीम गाडीत घालून पाठवून दिले. टेंभेकरांनी सहाही जणांना आदराने तीन-तीन प्रश्न विचारले, मापं घेतली आणि नऊ महिन्यांनी सहा खुर्च्या पोचत्या केल्या. बिल्डर ज्या खुर्चीत बसला तिच्यात त्याचे गुडघे छातीशी आले. "ती आपली नाही," टेंभेकर म्हणाले, "ती माळीबुवांची आहे. त्यांना बोलवा." बरीच बोलाचाली झाली आणि खुर्च्या परत आल्या. टेंभेकरांनी सहाही जणांना निरोप धाडले की आपापली खुर्ची घेऊन जा. तो ड्रायव्हर आजही त्याच बिल्डरच्या पोर्चमध्ये सागवानी खुर्चीत बसून गाडी निघायची वाट बघतो, आणि त्याचे पाय टेकलेले असतात.

तर असा हा माणूस. शहरातल्या डॉक्टरांचे, वकिलांचे, सतारीच्या मास्तरांचे गुडघे त्याला इंचात पाठ. पण त्याच्या स्वतःच्या घरात एक माणूस असं होतं की जे अकरा वर्षांत त्याच्या एकाही खुर्चीवर बसलं नव्हतं. ती त्याची बायको.

माधुरी ज्या शाळेत शिकवते तिथेच नलिनीताई टेंभेकर गणित शिकवायच्या. उंच, ताठ, नवऱ्यापेक्षा निदान पाच इंच वर. बोलणं मोजकं. सोमवारी व्हीआरएसचा अर्ज दिलेल्या टेंभेकरांनी तो दिल्याचं आणि आता खुर्च्या करणार असल्याचं बायकोला गुरुवारी सांगितलं, तेही जेवताना, वरण वाढून घेत. नलिनीताईंनी वरण वाढलं. "बरं," म्हणाल्या. शनिवारी शाळा सुटल्यावर त्या जवाहर चौकात गेल्या आणि प्लास्टिकची एक खुर्ची विकत घेऊन, ऑटोत मांडीवर धरून घरी आल्या. ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारात ठेवली, बरोब्बर शेडच्या ठरलेल्या जागेसमोर. "मी हिच्यावर बसणार," म्हणाल्या, "तुमच्या खुर्चीवर नाही." त्यानंतर त्या विषयावर घरात एक अक्षर नाही. घर त्यांच्या पगारावर चाललं, आल्यागेल्याला टेंभेकरांच्या खुर्च्यांचं कौतुक त्याच सांगत, बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या ओळीने पुसून ठेवत, आणि बसायला मात्र मागच्या दारात.

प्लास्टिकची खुर्ची टेंभेकरांना डोळ्यांसमोर नको असते. लग्नाच्या मांडवात ते तासन् तास उभे राहतील, पण तिच्यावर टेकणार नाहीत. आणि इथे ती त्यांच्याच घरात. फुली मारून मोकळं व्हावं, तर तेही जमेना, कारण नलिनीताईंनी खुर्ची आणली होती ती लाल. लाल प्लास्टिकवर लाल खडू उठत नाही. माधुरीचं ठाम मत आहे की दुकानात पांढऱ्या, निळ्या, हिरव्या सगळ्या होत्या आणि नलिनीताईंनी पूर्ण विचार करून लाल निवडली.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नलिनीताई निवृत्त होणार होत्या. मार्चच्या सुरुवातीला माधुरी शाळेतून बातमी घेऊन आली. नलिनी मॅडमना शाळेतर्फे सरप्राइज द्यायचं ठरलंय. रिक्लायनर. गुबगुबीत, काळी, पाय वर उचलणारी. मला यात काही विशेष वाटलं नाही. संध्याकाळी सहज शेडमध्ये डोकावलो आणि सहज बोलून गेलो.

टेंभेकर रंधा मारत होते. रंधा थांबला.

"कोणत्या मापाची?"

"दुकानातली हो. असेल काहीतरी."

"तिला विचारलं कोणी?"

"सरप्राइज आहे म्हटलं ना."

"मतलब, तिला न विचारताच?" टेंभेकर चिडून म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असावं. ते हातांवरचा भुसा झटकू लागले.

शेवटी म्हणाले, "काळेसाहेब, माझ्या घरात ती दुसऱ्या कोणाच्या खुर्चीवर बसली ना, तर मग झालं. ही लाल आहे, ती रागाची आहे. राग मी समजू शकतो. पण रिक्लायनरवर ती आरामात बसेल. मग संपलंच."

"मग तुम्ही बनवा. महिना-दीड महिना आहे."

"माप नाही."

मला हसू आलं. "माझं तर तुम्ही दारातून नुसतं बघून सांगितलं होतंत!"

"तो अंदाज. अंदाजावर मी लाकूड कापत नाही. आणि तिच्या बाबतीत माझे अंदाज चुकतात."

"मग विचारा ना त्यांना. घरातच तर आहेत."

टेंभेकर रंध्याच्या पात्याकडे बघत म्हणाले, "नाही म्हणाली तर? अकरा वर्षं मी विचारलं नाही, म्हणून तिनं नाही म्हटलेलं नाही. तेवढंच काय ते शिल्लक आहे."

एवढा फुल्या मारत फिरणारा माणूस, आणि एका फुलीला घाबरून अकरा वर्षं गप्प बसला होता. मला त्याची दया आली आणि थोडा रागही आला. मग आम्ही दोघांनी मिळून जो बेत केला तो शहाण्या माणसांनी करण्याजोगा नव्हता. माधुरीने टेप पर्समध्ये घालून नलिनीताईंकडे जायचं आणि काहीतरी निमित्त काढून माप घेऊन यायचं. माधुरी आधी म्हणाली, तुम्ही दोघं ठार वेडे आहात. मग म्हणाली, पण निमित्त कसलं? पुष्कळ खल होऊन नी-कॅप ठरली. नलिनीताईंचे गुडघे हल्ली कुरकुरत होतेच.

माधुरी गेली आणि दहा मिनिटांत परत आली. चेहरा पडलेला.

"पकडली गेले," ती म्हणाली. "मी टाचेला टेप लावली मात्र, त्या म्हणाल्या, माधुरी, नी-कॅपला गुडघ्याचा घेर लागतो. टाच कशाला हवी? गणिताच्या बाईंना फसवायला मला पाठवलंत तुम्ही!"

"मग? रागावल्या?"

"नाही. टेप नीट गुंडाळून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, त्यांना सांग, सगळ्या भोपाळला विचारता तसं मला विचारा."

हा निरोप मी शेडमध्ये नेला. टेंभेकरांनी तो माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. तिसऱ्यांदा विचारलं, "विचारा, असंच म्हणाली? सांगा नाही, विचारा?" मी म्हटलं, विचारा. ते एका अर्धवट खुर्चीवर टेकले आणि खिशातून खडू काढून नुसताच हातात फिरवत राहिले.

रविवारी सकाळी दहाला मला बोलावणं आलं. साक्षीदार म्हणून. टेंभेकरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि भांग पाडला होता. त्यांना भांगासह मी पहिल्यांदाच पाहिलं. वही, पेन्सिल, स्टीलची टेप. शेडपासून मागच्या दारापर्यंत पंधरा पावलं असतील, पण ते सरळ न जाता घराला वळसा घालून, पुढच्या दाराने, आतून आले. गिऱ्हाइकाकडे मागून जायचं नसतं म्हणे.

नलिनीताई लाल खुर्चीवर बसून वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. टेंभेकरांनी घसा खाकरला आणि लग्नाच्या बायकोला अहो-जाहो करत विचारलं, "आपण... आपण कुठे बसणार?"

"इथेच," नलिनीताई म्हणाल्या. लाल पेन चालूच. "दारात."

"दारातच का? मतलब, उजेडासाठी?"

"इथून शेड दिसते."

टेंभेकरांनी लिहिलं. "किती वेळ बसणार?"

"तुमचा रंधा थांबेपर्यंत."

हे लिहायला त्यांना जरा वेळ लागला. रंधा कधीकधी साडेआठ-नऊपर्यंत चालतो हे आम्हा शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. मग त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, नेहमीच्या खणखणीत आवाजात नाही, बराच हळू. "बसून काय करणार?"

नलिनीताईंनी पेनाला टोपण लावलं. "सगळ्यांना वाटतं वह्या तपासते. वह्या सातला संपतात."

"मग?"

"मग वाट बघते."

त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या, एखाद्या उदाहरणाचं उत्तर सांगावं तसं. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण साक्षीदाराला तशी सोय नसते. टेंभेकर वहीत बघत उभे होते आणि पेन्सिल कागदावर टेकलेली होती. तसेच ते गुडघ्यांवर बसले, टेप उघडली, बायकोच्या टाचेपासून वर नेली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "काळेसाहेब, जरा वाचता का? मला आकडा दिसत नाहीये."

मी वाकलो. "सतरा."

"नीट बघा."

"सतराच. बरोब्बर."

"सतराच आहे," नलिनीताई म्हणाल्या. "आठ वर्षांपूर्वी मोजून ठेवलंय मी. तुमच्याच टेपने. कधीतरी विचाराल म्हणून."

मी घरी येऊन माधुरीला हे सांगितलं, तर ती पदराने डोळे पुसत माझ्यावरच ओरडली, की तुम्ही तिथे कशाला उभे राहिलात.

पुढचे पाच आठवडे शेडमधून जे आवाज आले ते वसाहतीने सहन केले. दोन खुर्च्या पूर्ण होऊन फुली खाऊन कोपऱ्यात गेल्या. माझ्या दृष्टीने दोन्ही उत्तम होत्या, पण मी झोपणारं गिऱ्हाईक, माझ्या मताला कोण विचारतो? माधुरीने शाळेत शब्द टाकून रिक्लायनर रद्द करवली. मॅडमच्या घरी खुर्ची येतेय, दुसरं काहीही द्या, असं तिने सांगितलं. शाळेने शाल आणि भिंतीवरचं एक भलंमोठं घड्याळ दिलं.

तिसरी खुर्ची निरोपसमारंभाच्या दुसऱ्या दिवशी मागच्या दारात आली. लाल खुर्ची बाजूला सरकवून टेंभेकरांनी ती तिथे मांडली. नलिनीताई पदर सावरून बसल्या. त्यानंतर टेंभेकरांची शेवटची परीक्षा असते. ते जमिनीवर पालथे झोपतात आणि बसलेल्याच्या टाचेखालून वहीचा कागद सरकवून बघतात. सरकला तर खुर्ची नापास. इस्त्रीच्या शर्टासकट ते अंगणात आडवे झाले. आधी डाव्या टाचेला कागद लावला, मग उजव्या. कागद दोन्हीकडे अडला.

"उठा आता," नलिनीताई म्हणाल्या, "लोक बघतायत."

"पण कशी आहे?"

"ठीक आहे."

एवढंच म्हणाल्या. पण पुढचा आठवडाभर टेंभेकर मला, दूधवाल्याला, गोविंदपुऱ्यातल्या धारवाल्याला आणि उस्तादांना फोन करून सांगत होते, "ठीक आहे म्हणाली." उस्तादांना तर हिंदीत दोनदा.

शाळेचं ते घड्याळ आता शेडमध्ये टांगलंय. पाचचे ठोके पडले की रंधा थांबतो, खुर्ची कोणाचीही असो. मी हल्ली ऑफिसातून परतताना मागच्या बाजूने त्यांच्याकडे डोकावतो. नलिनीताई आपल्या खुर्चीवर असतात, आणि शेजारी टेंभेकर. कशावर? त्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर. ती टाकून द्यायची नाही, असं नलिनीताईंनी सांगितलंय, आणि मागच्या दारात तिसरी खुर्ची मावत नाही. लाल खुर्ची अठरा इंच, टेंभेकर पावणेपंधरा. जन्मभर जगाला पाय टेकायला सांगणारा हा माणूस रोज संध्याकाळी बायकोशेजारी पाय लोंबकळत बसतो, आणि त्याबद्दल एक शब्द बोलत नाही.

परवा गेलो तेव्हा नलिनीताई चहा करायला आत गेल्या होत्या. इतकी वर्षं टेंभेकरांच्या शेजारी राहून मलाही वाईट खोड लागली आहे. मी त्यांची रिकामी खुर्ची उचलली आणि उलटी केली. पोटावर पेन्सिलीचं ओळखीचं अक्षर. "नलिनी. सतरा. मागच्या दारात. पाचनंतर." खाली तिसऱ्या उत्तराची जागा कोरी होती. पॉलिशही तेवढ्या जागेवर लावलेलं नव्हतं.

"हे राहिलं की तुमचं," मी म्हटलं. "बसून काय करणार, ते."

"राहिलं नाही. जुनं उत्तर आता लागू नाही, म्हणून लिहिलं नाही."

"मग नवीन विचारा."

"विचारतो ना. रोज विचारतो." टेंभेकर आपल्या लोंबत्या पायांकडे बघत म्हणाले. "रोज निराळंच सांगते. पक्कं झालं की लिहीन."

आतून कपबशांचा आवाज आला आणि मी घाईघाईने खुर्ची सरळ करून ठेवली. नलिनीताईंनी आम्हाला चहा दिला, आपला कप घेतला आणि बसल्या. टेंभेकरांनी त्यांच्याकडे बघून, अगदी गिऱ्हाइकाला विचारावं तसं, विचारलं, "आज आपण बसून काय करणार?"

"चहा पिणार," नलिनीताई म्हणाल्या.

टेंभेकरांनी मान डोलावली. पेन्सिल त्यांच्या कानावर होती, पण तिला त्यांनी हात लावला नाही.